उपमा पुरे, हिशेब सांगा

मराठीत कृष्णविवरावर काहीही वाचा, बघा, बहुतेक वेळा हातात येतं ते फक्त 'अबब'. काळ थांबतो, प्रकाश अडकतो, सगळं गूढ. सोलापुरात कुणी स्ट्रिंग थिअरी सांगायला लागलं, तर पहिल्याच मिनिटाला चादर येणार: विश्व म्हणजे धाग्यांचं विणकाम! टाळ्या. त्या धाग्यांनी नेमकं कोणतं गणित सुटलं, ते राहूनच जातं. 'मुलांना झेपणार नाही' ही सबब म्हणजे मुलांचा अपमान आहे.

कारण मुळातला हिशेब बारावीच्या लॉगरिदमवर उभा आहे. दहा नाणी डब्यात हलवली, तर छापा-काट्याच्या १०२४ मांडण्या शक्य आहेत. डबा बाहेरून तसाच दिसतो. आतल्या शक्य मांडण्यांच्या संख्येचा लॉग म्हणजे एन्ट्रॉपी. १९७० च्या दशकात बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांनी दाखवलं की कृष्णविवरालाही एन्ट्रॉपी असते. योग्य एककांत ती त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या एक चतुर्थांश भरते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर, एन्ट्रॉपी मात्र साधारण १ वर ७७ शून्यं. आणि हा मांडण्यांचा आकडा नव्हे, त्याचा लॉग!

मग प्रश्न सरळ आहे: मांडण्या कशाच्या? आइनस्टाइनच्या समीकरणांत याचं उत्तर नाही. १९९५ मध्ये अशोक सेन यांनी काही कृष्णविवरांसाठी स्ट्रिंगच्या अवस्था मोजून वाट दाखवली. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी पाच मितींतल्या एका खास कृष्णविवराच्या मांडण्या मोजल्या. क्षेत्रफळाचा आधार न घेता केलेली मोजणी, आणि तरी उत्तर तेच: एक चतुर्थांश. पुढे २००४ मध्ये कोल्हापुरात वाढलेल्या अतीश दाभोलकरांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करताना हा ताळा आणखी बारीक दुरुस्त्यांपर्यंत नेला. आपण मात्र 'मराठी माणसाची भरारी' म्हणतो आणि भरारी कशाची ते विचारत नाही.

'प्रयोगानं सिद्ध कुठे झालंय?' हा आक्षेप रास्त आहे. मोजलेली ही कृष्णविवरं कागदावरची, अतिसममित. ताऱ्याच्या कोसळण्यातून बनलेल्या खऱ्याखुऱ्या कृष्णविवराचा इतका काटेकोर हिशेब अजून झालेला नाही. हेही मुलांना स्पष्ट सांगा. अपुरं गणित अपुरं म्हणून सांगणं हा विज्ञानाचाच भाग आहे. आणि 'हे सगळं आपल्या ग्रंथांत आधीच होतं' म्हणणाऱ्यांना एकच विचारा: तो एक चतुर्थांश कुठे लिहिलाय?

सोलापुरातल्या मुलीला थरार झेपेल, पण लॉग झेपणार नाही, हे परस्पर कुणी ठरवलं? 'अबब' म्हणून कुणी भौतिकशास्त्राकडे वळत नाही. एखादं गणित डोक्यात अडकतं, सुटेपर्यंत झोप लागू देत नाही, म्हणून वळतं. निदान ते गणित तिच्यापर्यंत पोचू द्या.