संचलनाचा व्यूहकार

कवाईत म्हणजे सरळ रांगा आणि एकसारखीं पावलें, अशी माझी दृढ समजूत होती. शाळेंत असतां पाऊल चुकलेल्या मुलास मीं कितीदां तरी रांगेबाहेर काढलें. ही समजूत ज्याच्या कार्यामुळें ढळली, तो अमेरिकेंतील जॉर्ज झिंगाली.

तिकडे पितळी वाद्यें व पडघम वाजवीत आणि निशाणें फिरवीत संचलन करणारीं तरुणांचीं पथकें आहेत. १९७२ पासून त्यांची मोठी वार्षिक स्पर्धा भरते. मूळ परंपरा लष्करी. मध्यरेषेच्या उजवीकडे जी आकृति, तिचेंच प्रतिबिंब डावीकडे, हा जणूं शास्त्रसंकेतच. न्यू जर्सी प्रांतांतील गारफील्ड कॅडेट्स या १९३४ सालीं स्थापन झालेल्या पथकासाठीं झिंगालीनें तो मोडला. त्याच्या रचनेंत वक्ररेषा ताणल्या जात, समूह एकमेकांतून आरपार जात, आणि एक आकृति पुरी होते न होते तोंच तिच्यांतून दुसरी निघे. १९८३, १९८४ व १९८५ अशीं लागोपाठ तीन वर्षें त्या पथकानें अजिंक्यपद मिळविलें. असें पूर्वीं कोणासही साधलें नव्हतें. १९९१ सालीं स्टार ऑफ इंडियाना या पथकास त्यानें रेस्पीगीच्या रोमविषयक संगीतावर रचना करून दिली. अखेरीस मैदानावरील विशाल क्रूस मोडून पाहतां पाहतां पुन्हां क्रूसच उभा राहिला, आणि तें पथक विजयी झालें. पुढच्याच वर्षीं झिंगाली निवर्तला.

हा स्वैराचार नव्हे. कागदावर एकेक ठिपका म्हणजे एकेक मुलगा किंवा मुलगी. कितव्या ठोक्यास कोणीं कोठें पोहोंचावयाचें, हें ठरलेलें. पांच यार्डांत आठ पावलें, हें नेहमींचें माप. सरळ रांगेंत शेजाऱ्याकडे पाहून निभावतें; येथें वाट ज्याची त्याची, म्हणून ठोका प्रत्येकानें स्वतःच मोजावयाचा. अभिमन्यूस चक्रव्यूहांत शिरण्याची विद्या होती, बाहेर पडण्याची नव्हती. आंत घातलेल्या प्रत्येकासाठीं बाहेरची वाट आंखून ठेवणें, हीच व्यूहकाराची कसोटी.

वाचकहो, भरल्या घरांत आम्हां वडीलधाऱ्यांस सर्वांनीं एका रांगेंत चालावें असें वाटतें. परंतु ठोका एक असला, कीं वाटा निराळ्या असूनही घर मोडत नाहीं, हें मला फार उशिरां उमगलें. रांगेबाहेर काढलेलीं तीं मुलें आतां संसारी झालीं असतील. त्यांपैकीं कितीजणांचें पाऊल खरोखर चुकलें होतें, आणि कितीजणांस मीं त्यांची जागाच दाखविली नव्हती, याचा हिशेब मात्र माझ्यापाशीं नाहीं.