दुसरा समास ११२ व्या नंबरावर

दासबोधाचे दशक २०, प्रत्येक दशकात समास १०. म्हणजे एकूण समास २०० आणि ओव्या ७,७५१. पहिल्या समासात ग्रंथारंभ, दुसऱ्यात गणेशस्तवन, तिसऱ्यात शारदास्तवन, चौथ्यात सद्गुरुस्तवन, अशी समर्थ रामदासांनी एकेक पायरी घातली आहे. हाच दासबोध मेमरी कार्डात भरून घनसावंगी तालुक्यातल्या एका आजींच्या हाती आला, तेव्हा पहिल्या समासानंतर लागला दहावा. त्याच्यामागोमाग शंभरावा. मग १०१, १०२, १०३. गणेशस्तवनाचा नंबर आला तो थेट ११२ वा.

याच तालुक्यात जांब आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली रामनवमीला तिथं झाला. आजूबाजूच्या गावांत दासबोधाचं पारायण होतं आणि वाचणाऱ्यांना समासांचा क्रम तोंडपाठ असतो. आजी शाळा थोडीच शिकलेल्या, पण पोथी घडाघडा वाचायच्या. डोळे फार वेळ वाचू देईनात म्हणून पोरांनी हा प्लेयर आणून दिला. हातात मावणारा, छोट्या पडद्याचा, कार्डावरची गाणी वाजवणारा आणि व्हिडिओही दाखवणारा. घरात त्याला सगळे ‘डबा’च म्हणतात.

क्रम का बिघडला, याचं कारण साधं आहे. ज्यानं कार्ड भरलं त्यानं फायलींना १, २, ३ अशी नावं दिली होती. ही नावं यंत्र आकडे म्हणून वाचत नाही, अक्षरं म्हणून वाचतं. शब्दकोशात ‘कमळ’ आधी आणि ‘खडू’ नंतर येतो, तसं त्याच्या लेखी १ नं सुरू होणारं सगळं आधी आणि २ नं सुरू होणारं नंतर. म्हणून १, १०, १००, १०१ असं करत १९९ पर्यंतचे सगळे संपतात आणि तेव्हा कुठं २ ची पाळी येते. काही प्लेयर तर नावंही बघत नाहीत. कार्डावर फायली ज्या क्रमानं पडल्या, त्याच क्रमानं वाजवतात. नाव ००१, ००२, ००३ असं दिलं आणि त्याच क्रमानं फायली कार्डात टाकल्या, की दोन्ही प्रकारच्या यंत्रांत सगळे समास ओळीनं लागतात. एवढंच काम होतं. पण ते न झाल्यामुळं आजी दोन दिवस स्वतःलाच दोष देत राहिल्या. आपलंच बोट कुठंतरी चुकीचं पडतंय, असं त्यांना वाटत होतं.

बोटाची अडचण होती, पण ती वेगळी. या डब्यावर मधोमध चालू-थांब करायचं बटण असतं आणि दोन्ही बाजूंना मागचं गाणं, पुढचं गाणं. आवाजासाठी वेगळी बटणं नसतात. तीच दोन बटणं दाबून धरली की आवाज कमी-जास्त होतो, नुसती दाबून सोडली की गाणं बदलतं. सवयीच्या माणसाला यात काही वाटत नाही. सत्तरीतल्या, खुरपं धरून धरून ताठरलेल्या बोटांना मात्र दाबणं आणि दाबून धरणं यातला फरक सहज जमत नाही.

“आवाज कमी कराया गेलं की समासच मागं पळतोय,” आजी म्हणाल्या.

“दाबून धर ना आजी, सोडू नको,” नातू म्हणाला.

“किती येळ धरू?”

“आवाज कमी होईस्तोवर.”

त्याहून अवघड होतं ‘एम’ लिहिलेलं बटण. ते चुकून दाबलं गेलं की कार्ड बंद पडतं आणि एफएमची खरखर सुरू होते. पुन्हा दाबलं की आतून एक बाई इंग्रजीत ‘ब्लूटूथ मोड’ म्हणते. खऱ्या खोळंब्याची जागा हीच. यंत्र बोलतं, पण आजींशी बोलत नाही. नातसुनेनं यावर उपाय काढला. मधल्या बटणावर लाल टिकली चिकटवली आणि ‘एम’वर चिकटपट्टीचा जाड तुकडा. त्या दिवसापासून आजी कुणाला हाक न मारता डबा लावू लागल्या. कंपन्यांच्या डिझाइन विभागांनी या टिकलीची दखल घ्यावी, इतकी ती मोलाची आहे.

खिशातलं संगीत ही कल्पना जुनी आहे. सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. १९९८ साली कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन हा एमपी३ प्लेयर आला, ३२ एमबीचा. तेवढ्यात जेमतेम अर्ध्या तासाची गाणी मावत. ॲपलचा आयपॉड २००१ सालचा, त्यावर व्हिडिओ दिसू लागला २००५ मध्ये, आणि मे २०२२ मध्ये कंपनीनं आयपॉड बंद केल्याचं जाहीर केलं. श्रीमंत जगात या वस्तूचं पर्व संपलं ते असं. आपल्याकडं त्याआधीच, २०१७ साली, सारेगामानं कारवां बाजारात आणला होता. ५,००० गाणी आधीच भरलेली, दिसायला जुन्या रेडिओसारखा आणि फिरवायला मोठं गोल बटण. तो खपला तो प्रामुख्यानं वयस्कर श्रोत्यांसाठी. या वयाच्या माणसाला हजार सोयी नको असतात, हाताला लागेल असं एक बटण हवं असतं, हे त्या कंपनीला बरोबर कळलं होतं.

फोन असताना हा डबा कशाला, असं शहरातला वाचक विचारेल. जालना जिल्ह्यातल्या खेड्यात याची उत्तरं रोजच्या जगण्यात सापडतात. घरातला फोन कर्त्या माणसाच्या खिशात असतो आणि तो माणूस दिवसभर शेतात, नाहीतर जालन्याच्या एमआयडीसीत. शेताला थ्री-फेज लाइट रात्रीची असली की मोटार चालू ठेवून बांधावर जागावं लागतं. तिथं फोनची बॅटरी जपायची असते आणि सोबतीला आवाज तर हवाच. हातही मोकळे नसतात. बदरीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. तेव्हापासून हा भाग बियाण्यांचा म्हणून ओळखला जातो. कपाशीच्या बीजोत्पादन प्लॉटवर बायका संध्याकाळी कळ्या सोलतात आणि सकाळी एकेका फुलाला पराग लावतात. दोन्ही हात गुंतलेले असताना फोनचा पडदा कोण पुसत बसणार? अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचं बिऱ्हाड तर ट्रॅक्टरवरच असतं. तोडीवर राहायच्या झोपडीत, कोपीत, नेटवर्कचा भरवसा नसतो. कार्डावरचं गाणं मात्र रिचार्ज न मारता वाजतं.

व्हिडिओची गोष्ट जास्त किचकट. आजींना नातीच्या लग्नाचं शूटिंग बघायचं होतं. कार्ड घातलं, नाव दिसलं, बटण दाबलं. सनई ऐकू आली, मंगलाष्टकं ऐकू आली, पडदा काळाच. नव्या फोनमध्ये जागा वाचावी म्हणून व्हिडिओ एचईव्हीसी नावाच्या पद्धतीनं आवळून साठवले जातात. स्वस्त प्लेयरमधल्या चिपला ही पद्धत उलगडता येत नाही. आवाज वेगळ्या पद्धतीनं साठवलेला असतो, तो तिला कळतो. म्हणून ऐकू येतं, दिसत नाही. संगणकावर हँडब्रेकसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनं तोच व्हिडिओ जुन्या एच.२६४ पद्धतीत आणि लहान आकारात करून घेतला की बहुतेक डबे तो दाखवतात. पुढचं शूटिंग करताना फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच जुनी पद्धत निवडली, तर हा खटाटोपही वाचतो.

कार्डाचंही तेच. मोठं ते चांगलं म्हणून पोरं ६४ जीबीचं कार्ड आणतात आणि प्लेयर ‘कार्ड नाही’ म्हणतो. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ या मांडणीत येतात, त्यापुढची एक्सफॅटमध्ये, आणि साध्या प्लेयरला पहिलीच मांडणी वाचता येते. फॅट३२ मध्ये एकेक फाइल ४ जीबीहून लहानच असावी लागते. त्यामुळं तास-दोन तासांचं कीर्तन उत्तम दर्जात घेतलेलं असेल, तर ते एकसंध बसत नाही, तुकडे करावे लागतात. आवाजाला मात्र जागा थोडी लागते. १२८ केबीपीएसच्या एमपी३ ला मिनिटाला साधारण एक एमबी. म्हणजे ८ जीबीच्या कार्डात सव्वाशे तासांहून जास्त ऐकणं मावतं. आजींना एवढं पुरून उरतं.

आणि पडद्यावरची अक्षरं? फाइलला ‘गणेशस्तवन’ असं देवनागरीत नाव दिलं, तर बऱ्याच स्वस्त डब्यांवर त्या जागी चौकोन उमटतात. आत देवनागरीचा फाँटच नसतो. मग भरणारा रोमन लिपीत नाव लिहितो, आणि जन्मभर पोथी वाचलेल्या बाईला आपल्याच ग्रंथाचं नाव वाचता येत नाही. ज्या प्लेयरचं गिऱ्हाईक मराठी खेड्यात आहे, त्याला मराठी वाचता आणि बोलता येत नसेल, तर तो माल अर्धवट आहे. हे विकणाऱ्यानं मागवताना स्पष्ट सांगायला हवं, घेणाऱ्यानंही दुकानात कार्ड घालून, नावं बघून मगच पैसे मोजावेत.

‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी जिल्ह्यातल्या बाजारगावांत अजून दिसते. त्यातलं बरंचसं भरणं विनापरवाना असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाला प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं संरक्षण आहे. दासबोध साडेतीनशे वर्षांपूर्वीचा असला, तरी त्याचं आजचं वाचन कुणाच्या तरी कष्टाचं असतं. ते विकत घ्यावं, किंवा घरातच वाचून रेकॉर्ड करावं. आजींच्या कार्डात सध्या सगळ्यात जास्त वाजतं ते गावच्या भजनी मंडळाचं एकादशीचं भजन, नातवानं देवळात बसून फोनवर घेतलेलं. त्यात त्यांच्या टाळकरी मैत्रिणींचे आवाज आहेत, त्यांतल्या एकीचा आता फक्त तिथंच उरला आहे.

तेव्हा सुट्टीला गावी जाणाऱ्यांनी आईसाठी, आजीसाठी असा डबा नेला, तर तो नुसता हातात देऊन परत फिरू नये. फायलींना ००१ पासून नावं द्यावीत. कार्ड ३२ जीबीचं किंवा त्याहून लहान घ्यावं. हरिपाठ, दासबोध, गावचं भजन असे वेगळे फोल्डर करावेत आणि प्रत्येक फोल्डरची पहिली फाइल म्हणून आपल्या आवाजात “आजी, आता हरिपाठ लागतोय” एवढं रेकॉर्ड करून ठेवावं. मग एक संध्याकाळ शेजारी बसावं आणि बटणं तिलाच दाबू द्यावीत.