मोसमाआधी स्टेअरिंग बॉक्स बघून घ्या

दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली की नांदेड-लातूरकडचे ट्रक डांबरी सडक सोडून थेट उसाच्या फडात उतरतात. परतीचा पाऊस रेंगाळलेला असला तर काळ्या रानात चाकं रुततात. मग ड्रायव्हर गाडी जागेवर उभी ठेवून दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढतो. चालत्या गाडीचं वळण आणि चिखलात उभ्या गाडीचं वळण यांत फार फरक आहे. तो सगळा भार स्टेअरिंग बॉक्स सोसतो.

म्हणून ट्रकमालकांना कळकळीची विनंती आहे. बॉक्स बदलायची वेळ आलीच तर पुढच्या ॲक्सलवर किती वजन येतं ते आधी विचारा, किंमत नंतर. टायर रुंद टाकले असतील तर तेही मिस्त्रीला सांगा, कारण टायर रुंद झाला की बॉक्सचं काम वाढतं.

हाताला हलका लागला म्हणून बॉक्स पसंत करू नका. २४:१ रेशो म्हणजे स्टेअरिंग २४ अंश फिरवलं की ड्रॉप आर्म १ अंश फिरतो. आकडा मोठा असला की हात हलका, पण फेरे जास्त, आणि माहूर-किनवटच्या वळणांवर तेवढे फेरे मारायला सवड नसते. भरल्या गाडीला माझ्या मते पॉवर स्टेअरिंगच हवं. मात्र पंप आणि पाइप त्याच बॉक्सला जुळणारे घ्या. इंजिन बंद झालं की पंप थांबतो आणि स्टेअरिंग एकदम जड होतं. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायची सवय असेल, तर ती आजच सोडा.

भंगारातला बॉक्स स्वस्त पडतो, हे खरं. पण आतला वर्म, गोळ्या, सेक्टर शाफ्टचे दात किती झिजलेत ते बाहेरून दिसत नाही. ड्रॉप आर्मच्या खाचा जुळल्या नाहीत तर तो शाफ्टवर नीट बसणारच नाही. दुसऱ्या मॉडेलचा बॉक्स असेल तर आर्म उलटाही फिरू शकतो: हात डावीकडे, चाकं उजवीकडे! कुठलाही बॉक्स बसवल्यावर पुढची चाकं जॅकवर उचला, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, आणि ते कुठे अडकतं का, पाइप कुठे घासतो का, हे स्वतः खाली बसून बघा.

आणखी एक. स्टेअरिंगला प्ले आला की लगेच बॉक्सला दोष देऊ नका. एकाला स्टेअरिंग हलवायला सांगून तुम्ही टाय रॉड एंड आणि किंगपिन बघा. झीज तिथे असेल तर नवा बॉक्स टाकूनही प्ले जाणार नाही. वरचा स्क्रू आवळून प्ले लपवला तर मधोमध दात घट्ट बसतात आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. ड्रॉप आर्मला तडा दिसला तर तो फेकून द्या. त्याला वेल्डिंग करू नका, कुणी कितीही खात्री दिली तरी.

गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ लक्षात ठेवा आणि आरटीओत आधी विचारून घ्या.

तुमच्या ट्रकच्या पुढूनच बैलगाड्या आणि शाळेची पोरं जातात. पहिली खेप भरण्याआधी एक दिवस गाडी गॅरेजला लावा.