विश्लेषण : तोंडातला कर्करोग मानेत कसा उतरतो?

नवापूर रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. गुटख्यावर दोन्ही राज्यांनी २०१२ मध्ये बंदी घातली. साध्या तंबाखूवर मात्र बंदी नाही. चुना मळून ती गालात धरली जाते आणि तिथे उठलेला पांढरा किंवा लाल चट्टा दुखत नाही म्हणून दुर्लक्षिला जातो. धोका सुरू होतो तो याच न दुखणाऱ्या काळात.

पेशी जागा कशी सोडते?

गालाच्या आतल्या अस्तरातील पेशी एकमेकींना चिकटून असतात. त्यांच्याखाली एक पातळ पडदा असतो. कर्करोगाच्या पेशींमध्ये ही चिकटून राहण्याची प्रथिने कमी होतात. शिवाय त्या आणि आसपासच्या पेशी पडदा विरघळवणारी विकरे सोडतात. पडदा फाटला की खालच्या ऊतीत लसिकावाहिन्यांचे जाळे असते आणि तोंडातली लसिका मानेतील ग्रंथींकडे वाहते. म्हणून पहिला मुक्काम बहुधा मानेत. पुढे रक्तावाटे फुप्फुस. बाहेर पडलेल्या बहुतेक पेशी वाटेतच मरतात. ‘बी सगळीकडे पडते, रुजते मात्र मानवणाऱ्या जमिनीतच’ हा विचार ब्रिटिश शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच मांडला होता.

मग गाठ दिसेपर्यंत थांबावे का?

मानेच्या शस्त्रक्रियेने खांद्याची हालचाल अडू शकते. त्यामुळे लहान गाठ असेल तर फक्त तोंडाची शस्त्रक्रिया करावी आणि मानेवर लक्ष ठेवावे, असे अनेक डॉक्टर मानत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली २००४ पासून याची चाचणी झाली. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष छापले. सुरुवातीलाच मानेतील ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ आल्यावर मानेची शस्त्रक्रिया करायची ठरलेल्या गटात ६७.५ टक्के. हाताला न लागणारा रोग अनेकांच्या मानेत आधीच पोहोचला होता.

चाचणीतील रुग्णांना ठरावीक मुदतीने तपासले जात होते, तरीही हा फरक पडला. सुरतमार्गे मुंबई गाठणाऱ्या, मजुरी बुडवून येणाऱ्या नवापूरच्या रुग्णाला ‘दर महिन्याला या’ सांगणे म्हणजे कागदावरचाच सल्ला.

सुई टोचल्याने पसरतो का?

‘तुकडा काढला की रोग भडकतो’ ही भीती गावोगावी आहे. तुकडा तपासल्याशिवाय निदान पक्के होत नाही, आणि तपासणीच्या भीतीने वाया गेलेले महिने रोगाला पसरायला पुरतात. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, चट्टा किंवा तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर मानेतल्या गाठीची वाट न पाहता दंतवैद्याला किंवा सरकारी रुग्णालयात तोंड दाखवावे.