झाडे लावणारे आणि अर्ज लिहिणारे

मृगाच्या सरी पडून गेल्या की परभणी शहरात व तालुक्यांच्या गावी वृक्षारोपणाचा उत्सव दरवर्षी साजरा होतो. खड्डा कोणी मजुराने अगोदरच खणून ठेवलेला असतो. प्रमुख पाहुणे रोपाला हात लावतात, छायाचित्र निघते, आणि पर्यावरणाविषयीचे आपले कर्तव्य पार पडले अशा समाधानात मंडळी अल्पोपाहाराकडे वळतात. आम्हांस झाडांचा द्वेष नाही. 2019 च्या पावसाळ्यात राज्य सरकारने 33 कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. त्यांतील जी जगली असतील त्यांची सावली आम्हांसही हवीच आहे. आमचे भांडण आहे ते या उत्सवामागे दडलेल्या एका समजुतीशी. जी संस्था झाडे लावते किंवा तळ्यातील गाळ उपसते ती खरी सेवाभावी. आणि जी मंत्रालयाकडे अर्ज करते, कायद्याच्या मसुद्यावर आक्षेप नोंदविते, प्रसंगी उच्च न्यायालयात जाते, ती मात्र उपद्व्यापी व बहुधा कोणाच्या तरी राजकारणाची हस्तक, अशी ती समजूत होय. आमच्या सुशिक्षित वर्गात ती इतकी रुजली आहे की, पहिल्या प्रकारच्या संस्थेस हसतमुखाने वर्गणी देणारा गृहस्थ दुसऱ्या प्रकारच्या संस्थेचा कार्यकर्ता दाराशी आला म्हणजे 'साहेब घरी नाहीत' असे आतून कळवितो.

निदान या जिल्ह्यापुरते तरी हे मूल्यमापन उलटे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमचा प्रश्न मुळात पाण्याचा. आणि धरणातील पाणी कोणाच्या शिवारात पोहोचावे व कोणाच्या वेशीबाहेर थांबावे हे झाड ठरवीत नसून कायदा ठरवीत असतो.

उदाहरण हाताशीच आहे. 2005 साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा अधिनियम झाला. त्याच्या बाराव्या कलमातील सहाव्या पोटकलमाचा (क) हा खंड आमच्या मते मराठवाड्याच्या दृष्टीने त्या साऱ्या अधिनियमाचा प्राण होय. खोऱ्यातील टंचाई सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावी, आणि त्यासाठी दरवर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांत पाण्याची टक्केवारी साधारणतः सारखी राहील अशी व्यवस्था करावी, असा त्याचा आशय आहे. इतके न्याय्य वाक्य आमच्या विधिमंडळाने क्वचितच मंजूर केले असेल. आणि मंजूर केलेले वाक्य इतके गाढ झोपलेलेही क्वचितच पाहावयास मिळेल. नाशिक व नगरकडील धरणे भरलेली, आणि 2,171 दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठ्याचा नाथसागर तळाला गेलेला, असे चित्र अधिनियमानंतरही मराठवाड्याने पाहिले. कलम जागे झाले ते मराठवाडा जनता विकास परिषदेसारख्या संस्थांनी, काही निवृत्त अभियंत्यांनी व चिकाटीच्या वकिलांनी वर्षानुवर्षे अर्ज आणि याचिका केल्या म्हणून. मेंढेगिरी समितीचा अहवाल 2013 मध्ये आला. प्राधिकरणाने 19 सप्टेंबर 2014 रोजी आदेश दिला. 23 सप्टेंबर 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा विचार व्हावा, हा दंडक यातूनच आला. 2014, 2015, 2018 व 2023 या वर्षी पाणी खाली आले. 2023 चा आदेश सुमारे साडेआठ अब्ज घनफुटांचा होता. एवढे पाणी कोणत्याही श्रमदानाने आणता आले नसते.

दुसरा दाखला श्री. प्रदीप पुरंदरे यांचा. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतून निवृत्त झालेल्या या प्राध्यापकांनी शासनाला विचारलेला प्रश्न साधा होता: अधिनियमाप्रमाणे जो एकात्मिक राज्य जल आराखडा असावयास पाहिजे तो कोठे आहे? आराखडा नव्हता. तो ज्या राज्य जल परिषदेने संमत करावयाचा, तिची 2005 पासून एक बैठकही झालेली नव्हती. जनहित याचिका दाखल झाली, आणि जानेवारी 2015 मध्ये परिषदेची पहिली बैठक भरली. दहा वर्षे अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री असलेली परिषद कोणी विचारले नाही म्हणून भरलीच नाही! याच गृहस्थांनी वारंवार दाखविलेली आणखी एक गोष्ट. पाटबंधारे अधिनियम 1976 चा, पण त्याखालील नियमच न केल्याने कारभार पुढे कित्येक दशके चालला तो 1934 सालच्या मुंबई कालवे नियमांसारख्या जुन्या नियमांच्या आधारे. नियमावाचून कायदा म्हणजे पायरहाटावाचून विहीर. पाणी दिसते, ओंजळीत येत नाही.

यावर आमचे काही मित्र म्हणतात की, धोरण ठरविणे हे निवडून आलेल्या प्रतिनिधींचे काम. संस्थांनी त्यात लुडबुड कशाला करावी? प्रतिनिधींविषयी आम्हांस आदर आहे. परंतु 2003 पासून काही वर्षे मंत्र्यांच्या एका उच्चाधिकार समितीने अनेक प्रकल्पांतील सिंचनाचे पाणी शहरांकडे व कारखान्यांकडे वळविले, तेव्हा ज्यांच्या शेतावरून ते पाणी गेले त्यांस त्याचा पत्ताही नव्हता. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेने कागदपत्रे जमवून ते उघडकीस आणले. प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा 2011 मध्ये अधिनियमच पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्त करण्यात आला आणि क्षेत्रवार वाटपाचा अधिकार प्राधिकरणाकडून मंत्रिमंडळाकडे गेला. लढाई हरली असेल. पण ती कोणी पाहिली तरी. कोणी पाहतच नसते तर हरल्याचेही कळले नसते.

आणि ही 'लुडबुड' आपल्याकडे नवी थोडीच आहे! 1870 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने 1876-77 च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. 1896 च्या दुष्काळात टिळकांच्या प्रभावाखालील त्याच सभेने सरकारचीच दुष्काळसंहिता शेतकऱ्यांस समजावून सांगितली, आणि 1897 मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचा कायदा सरकारला वाचून दाखविणे एवढाच तो अपराध. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. येथे पुढे कित्येक वर्षे सभा भरवावयासही परवानगी लागे. तरीही महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 साली परतूर येथे, म्हणजे त्या काळच्या परभणी जिल्ह्यातच, भरले. मराठवाडा जनता विकास परिषदेस आकार देणारे गोविंदभाई श्रॉफ हे त्याच मुक्तिलढ्यातून आलेले. ज्यांच्या आजोबांनी परवानगीवाचून सभा भरविल्या, त्यांच्या नातवांस आज एका आक्षेपपत्रावर सही करावयास भीती वाटावी, हे आम्हांस कळत नाही.

हवामानबदलाचा विषय निघाला म्हणजे या प्रश्नास आणखी धार येते. राज्याच्या अनुकूलन आराखड्यासाठी 'टेरी' या संस्थेने 2014 मध्ये अभ्यास सादर केला; 2020 मध्ये पर्यावरण विभागाच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्द आले. नाव बदलले, ठीक झाले. पण परभणीच्या शेतकऱ्यास हवामानबदल भेटतो तो दोनच रूपांत: पावसाचा लांबलेला खंड, आणि चार दिवसांत कोसळणारे आभाळ. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच मराठवाड्यात गोदाकाठची गावे व उभे सोयाबीन पुराखाली गेले. धरणात किती पाणी कधी अडवावे, कधी व कोणास सोडावे, या वेळापत्रकालाच अनुकूलन म्हणतात. ते मंत्रालयात ठरते. ते ठरताना आपला माणूस तेथे कागद घेऊन उभा नसेल, तर इतरांचे उभे असतातच. 65 टक्क्यांच्या दंडकाचा फेरविचार करण्यास अभ्यासगट नेमला गेला आणि तो आकडा खाली आणण्याची शिफारसही झाली, ती काही आपोआप नव्हे.

इतके समर्थन केल्यावर या संस्थांसही चार शब्द सुनावणे आम्हांस भाग आहे. त्यांचा न्याय पैठणपर्यंत येतो आणि तेथेच थांबतो. नाशिकने नाथसागरास किती द्यावे याचा हिशेब त्यांच्या जिभेवर असतो. नाथसागराने परभणीस किती दिले, हा प्रश्न त्यांच्या अर्जांत आम्हांस अभावानेच आढळतो. डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे. छत्रपती संभाजीनगर व जालना जिल्ह्यांतून येऊन तो पाथरी, मानवत, परभणी या तालुक्यांत उतरतो, आणि शेतकरी ज्याला 'टेल' म्हणतात ते टोक आमच्या पदरी येते. मुखाकडच्या शेतात पाटाचे पाणी दोनदा फिरते, तेव्हा टेलच्या शेतकऱ्याने भरलेला सात नंबरचा अर्ज कार्यालयात पडून असतो, चारीत बाभळी उगवतात, आणि आवर्तन संपल्याची बातमी तेवढी वेळेवर येते. ज्या प्रकल्पाची आखणी मुख्यतः आठमाही पिकांसाठी झाली, त्याच्या लाभक्षेत्रात बारमाही ऊस उभा आहे. आणि तो केवळ वरच्यांच्याच शेतात आहे असे म्हणण्याची सोय नाही, पाथरी व गंगाखेडकडेही तो आहेच. येथे भांडण नाशिककराशी नसून शेजाऱ्याशी आहे, म्हणून ते कोणी काढीत नाही. परंतु टंचाई समन्यायाने वाटावी हे तत्त्व धरणाधरणांत खरे असेल, तर ते चारीचारीतही खरे आहे.

म्हणून परिषदेने व तिच्या सहकारी संस्थांनी पुढचा अर्ज याच मागणीचा करावा. कालवा सल्लागार समितीची बैठक भरण्यापूर्वी, मागील आवर्तनात प्रत्येक वितरिकेस मुखाशी व टोकाशी किती पाणी मिळाले, याचे मोजलेले आकडे त्या वितरिकेवरील प्रत्येक ग्रामपंचायतीत मराठीत लावले जावेत. आणि ज्या वर्षी साठा अपुरा असेल त्या वर्षी तूट टोकावरच न लादता सर्व वितरिकांत सारख्या टक्केवारीने वाटली जावी. अर्जाचा मसुदा वकिलांनी इंग्रजीत खुशाल करावा. पण दाखल करण्यापूर्वी त्याचे मराठी मानवतच्या आठवडी बाजारात वाचून दाखवावे. तेथे त्यात जी भर पडेल, ती आमच्यासारख्या प्राध्यापकांस सुचण्याजोगी नाही.