क्षण आणि फेम्टोसेकंद



‘फेम्टोसेकंदाचे विज्ञान तथागतांच्या क्षणवादात आधीच होते’, अशा आशयाचे विधान आपल्या मेळाव्यांतून अधूनमधून कानी पडते. त्यामागे अभिमान असतो, हे आम्ही जाणतो. तरीही या विधानास आमची संमती नाही. ती का नाही, हे सांगण्यापूर्वी त्या विज्ञानात नेमके काय घडले ते पाहिले पाहिजे.

एका सेकंदापुढे फेम्टोसेकंद जेवढा लहान, तेवढाच सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षांपुढे एक सेकंद लहान. रेणूतील बंध तुटतो तो अशा काही शे फेम्टोसेकंदांत. इजिप्तमधील दमनहूर येथे १९४६ साली जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या अहमद झेवेल यांनी कॅलटेकमध्ये हे तुटणे घडत असतानाच टिपले. १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना यासाठीच मिळाले.

त्यांची रीत अशी. लेसरचा पहिला स्पंद रेणू तोडतो. दुसरा किंचित उशिरा येऊन तुकड्यांची चौकशी करतो. हा उशीर घड्याळाने नव्हे, अंतराने साधतात. प्रकाश एका फेम्टोसेकंदात ०.३ मायक्रोमीटर जातो. आरसा सरकवून दुसऱ्या स्पंदाची वाट ३० मायक्रोमीटरने, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, लांबवली की तो १०० फेम्टोसेकंद उशिरा पोहोचतो. (आम्हा संगणकवाल्यांना ही युक्ती विशेष भावते.) आयोडीन सायनाइडचा बंध तुटण्यास सुमारे २०० फेम्टोसेकंद लागतात, हे १९८०च्या दशकात याच रीतीने कळले. तेथे तुकडा त्याच्या चमकण्यावरून ओळखला गेला. पुढच्या कित्येक प्रयोगांत दुसरा स्पंद तुकड्यातील इलेक्ट्रॉन उडवून त्याचा आयन करतो. विद्युतक्षेत्र त्या आयनाला शोधकाकडे ओढते. हलके आयन आधी पोहोचतात, जड मागाहून. त्यावरून वस्तुमान कळते.

आता एक रेणू घ्या: दोन कार्बन, चार फ्लोरीन आणि दोन टोकांना दोन आयोडीन. दोन्ही आयोडीनचे बंध अगदी सारखे. लेसरने ते तोडले तर एकदम तुटतील की एकामागून एक? कागदावर दोघांत डावेउजवे करण्यास जागा नाही. प्रयोगात मात्र ते एकामागून एक तुटले: पहिला सुमारे २०० फेम्टोसेकंदांत, दुसरा त्यानंतर कितीतरी उशिरा.

वसुबंधूंच्या अभिधर्मकोशभाष्यात एका चुटकीच्या काळात ६५ क्षण मानले आहेत. त्या हिशेबाने एक क्षण फेम्टोसेकंदाच्या काही लाख कोटी पट मोठा ठरतो! शिवाय तो विचार अनित्यतेचा आहे, रेणूंच्या मोजमापाचा नाही. आणि त्याची थोरवी प्रयोगशाळेच्या शिफारशीवर अवलंबून नाही. पुराणांत विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो. तीच मोजपट्टी आपल्यालाही लावावी लागेल. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची पहिली कसोटी बुद्धिसंगती हीच सांगितली आहे. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात, म्हणजे ‘ये आणि पाहा’. झेवेल यांनी पाहिले; नुसते ‘आमच्याकडे होतेच’ म्हणणाऱ्याने काहीच पाहिलेले नसते.

रविवारच्या धम्मवर्गात हा विषय निघाला, तर मुलांना आधी त्या दोन सारख्या बंधांचा प्रश्न घालावा. बहुतेक मुले ‘एकदम’ म्हणतील. का, ते त्यांनाच सांगू द्यावे. प्रयोगाचे उत्तर त्यानंतर.