दुकानातला दिवा आणि गिऱ्हाइकाचा डोळा

बारामती-इंदापूरच्या पेठेत गिऱ्हाईक साडी उंबऱ्यापाशी नेऊन उन्हात धरते, मगच पैसे मोजते. आम्हा कापडवाल्यांचा त्यात अपमान नाही. खोट दिव्याची आहे.

कारखान्यात दिव्याचा उजेड यंत्राने मोजतात आणि रंग कसे दिसतील ते गणिताच्या डोळ्याने ठरवतात. हा 'प्रमाण डोळा' १९३१ साली ठरला, तोही इंग्लंडमधल्या अवघ्या १७ माणसांच्या नजरेवरून. त्यातून निघालेला सी. आर. आय. आकडा खोक्यावर छापतात. पण ती फक्त ८ फिकट रंगांची सरासरी. गडद लाल त्यात धरलेलाच नाही! आणि लग्नसराईत आमच्याकडे खपतो तो लालच. त्याचा आकडा वेगळा, आर-नऊ; तो बहुधा मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

शिवाय वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळे पडते. आम्हीच एकदा काळे समजून गडद निळे अस्तर फाडून दिले, ते परत आले.

मालाचा ऐब अंधारात झाकणे आपल्याकडे नाजायज. तो उजेडाने झाकला तरी ऐबच. तेव्हा बांधवांनो, घाऊक दिवे घेण्याआधी आर-नऊ विचारा. एकच दिवा आणा, त्याखाली लाल आणि काळा ताका उलगडा, मग तेच उन्हात बघा. बघायला घरातल्या बुजुर्गांनाही बोलवा.